‘देशात’ की ‘देशावर’? करारांमधल्या बारक्या शब्दांचं राजकारण

रत्नागिरीकडच्या एखाद्या म्हातारीला विचारा, लेक कुठे दिली? लेक कऱ्हाड-सांगलीकडे असली तर उत्तर येईल, ‘देशावर’. ‘देशात’ असं ती म्हणणार नाही. देशात आपण सगळेच राहतो, देशावर राहतात ते घाटापलीकडचे. उलट देशावरची मंडळी मे महिन्यात ‘कोकणात’ उतरतात, ‘कोकणावर’ कुणी उतरत नाही. हे आपल्याला शाळेत कुणी शिकवलेलं नसतं आणि त्यावरून कुणाची मारामारीही होत नाही.

रशियन भाषेत मात्र याच फरकावरून गेली तीस वर्षं वाद चालू आहे.

रशियनमध्ये आपल्या ‘त’साठी ‘व’ हा शब्द आहे आणि ‘वर’साठी ‘ना’, आणि ते नामाच्या आधी येतात. साधारण रिवाज असा की देशाला ‘व’ लागतो: भारतात, पोलंडात, जर्मनीत. बेटांना, डोंगराळ मुलखांना आणि काही प्रांतांना ‘ना’ लागतो: क्युबावर, उरलवर, काकेशसवर. युक्रेनला रशियनमध्ये पूर्वापार ‘ना’ लागत आला. म्हणजे रशियन माणूस ‘युक्रेनवर’ जायचा, जसा कोकणातला माणूस देशावर जातो. १९९१मध्ये युक्रेन स्वतंत्र झाला आणि १९९३मध्ये तिथल्या सरकारने रशियाला सांगितलं की आता आम्ही देश आहोत, आम्हाला देशांचा ‘व’ लावा.

रशियन भाषाप्रेमींचं म्हणणं असं की हा निव्वळ भाषेचा रिवाज आहे, यात अपमान कसला? क्युबाही देशच आहे, पण बेट म्हणून त्याला ‘ना’ लागतो. शिवाय युक्रेनचा राष्ट्रकवी तारास शेव्चेन्को यानेच १८४५च्या आपल्या प्रसिद्ध कवितेत ‘ना’ वापरला आहे. हे सगळं खरं आहे. पण शब्दाचा रिवाज आणि शब्दाचा आजचा अर्थ या दोन वेगळ्या गोष्टी असतात. आज रशियन बोलणारा माणूस युक्रेनच्या आधी ‘व’ लावतो की ‘ना’, यावरून तो कुठल्या बाजूचा आहे याचा अंदाज समोरचा पहिल्याच वाक्यात बांधतो. इंग्रजीतही पूर्वी ‘द युक्रेन’ म्हणत, जसं एखाद्या प्रदेशाला म्हणतात. स्वातंत्र्यानंतर तो ‘द’ गळाला.

आपल्याकडे दिल्लीत सप्टेंबर २०२३मध्ये जी-ट्वेंटीची परिषद झाली, तेव्हाही गाडी अशाच एका शब्दयोगी अव्ययावर अडली होती. आदल्या वर्षीच्या बालीच्या जाहीरनाम्यात रशियाच्या आक्रमणाचा नावानिशी उल्लेख होता. दिल्लीच्या मसुद्यात ‘युक्रेनमधलं युद्ध’ एवढंच राहिलं. ‘मधलं’ हा शब्द फक्त ठिकाण सांगतो. कोल्हापूरमधला पूर, तसं युक्रेनमधलं युद्ध. ‘युक्रेनविरुद्धचं युद्ध’ म्हटलं की लगेच प्रश्न उभा राहतो, विरुद्ध कोण? ‘मधलं’वर रशियासकट सगळ्यांची संमती मिळाली आणि जाहीरनामा पहिल्याच दिवशी मंजूर झाला. युक्रेनच्या परराष्ट्र खात्याच्या प्रवक्त्याने त्याच दिवशी त्या परिच्छेदावर लाल अक्षरांत दुरुस्त्या करून तो समाजमाध्यमांवर टाकला, एखाद्या मास्तरांनी निबंधाची वही तपासावी तसा. त्या दुरुस्त्यांत ‘मधलं’ खोडून ‘विरुद्धचं’ केलेलं होतं.

मी पोटापाण्यासाठी अनुवाद करतो. लोकांना वाटतं, या कामात अवघड शब्द अडवत असतील: सार्वभौमत्व, अण्वस्त्रप्रसारबंदी वगैरे. त्यांना कोश आहेत, ते सुटतात. घाम फोडतात ते ‘चा’, ‘त’, ‘किंवा’ आणि क्रियापदांचे शेपूट. मोठ्या शब्दांवर सगळ्यांचं आधीच एकमत झालेलं असतं. ज्यावर एकमत होत नाही ते सगळं या बारक्या शब्दांत कोंबलेलं असतं. याचा सर्वांत गाजलेला नमुना घेऊ.

जून १९६७मध्ये सहा दिवसांच्या युद्धात इस्रायलने सिनाई, गाझा, जॉर्डन नदीचा पश्चिम किनारा (वेस्ट बँक), पूर्व जेरुसलेम आणि गोलन टेकड्या एवढा मुलूख घेतला. २२ नोव्हेंबर १९६७ रोजी संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेने ठराव क्रमांक २४२ मंजूर केला. पंधराच्या पंधरा मतं बाजूने पडली. त्यातल्या एका ओळीत इस्रायली फौजांच्या माघारीची गोष्ट आहे, आणि इंग्रजीत ती आहे ‘फ्रॉम टेरिटरीज ऑक्युपाइड’ अशी. ‘फ्रॉम द टेरिटरीज’ नाही. तीन अक्षरांचा तो ‘द’ तिथे नाही.

इंग्रजीत ‘द’ असता तर अर्थ झाला असता, तुम्हाला-आम्हाला ठाऊक असलेले ते सगळे प्रदेश. ‘द’ नसल्यामुळे इस्रायलला म्हणता आलं की प्रदेशांतून माघार घ्यायची आहे, किती प्रदेशांतून हे लिहिलेलं नाही. पुढे १९८२पर्यंत सिनाई इजिप्तला परत दिल्यावर ‘आम्ही बहुतेक क्षेत्रफळ सोडलं, ठराव पाळला’ असाही युक्तिवाद त्यांच्याकडून झाला. अरब देशांनी ठरावाचा फ्रेंच मसुदा पुढे केला. फ्रेंचमध्ये तिथे ‘दे तेरितुआर’ आहे, आणि त्या ‘दे’च्या पोटात ‘द’ बसलेला आहे. फ्रेंच वाचली तर माघार सगळ्या प्रदेशांतून. परिषदेच्या कामकाजाच्या भाषा तेव्हा इंग्रजी आणि फ्रेंच याच होत्या. रशियन आणि चिनी मसुद्यांकडे जाऊन काही उपयोग नाही, कारण त्या भाषांत ‘द’सारखी वस्तूच नाही.

मराठीतही ती नाही. ही ओळ मी एकदा मराठीत करायला बसलो तेव्हा झालं ते असं: ‘अलीकडच्या संघर्षात व्यापलेल्या प्रदेशांमधून इस्रायली सशस्त्र दलांनी माघार घेणे.’ व्याकरण चोख आहे, शब्द एकही सुटलेला नाही. पण मोठ्याने वाचून पाहा. समजा गावाच्या बैठकीत ठराव झाला की ‘गेल्या पावसाळ्यात बळकावलेल्या शेतांमधून अमक्याने बाहेर पडावं.’ त्याने तीन शेतं सोडली आणि दोन ठेवून घेतली तर गाव काय म्हणेल? मराठी कान त्या वाक्यात ‘सगळ्या’च ऐकतो. थोडीच शेतं अभिप्रेत असती तर ‘काही’ म्हटलं असतं. म्हणजे मी काहीही न घालता, काहीही न गाळता, माझं मराठी वाक्य आपोआप अरबांच्या बाजूला जाऊन बसलं होतं. ‘काही’ घातला तर ते उडी मारून इस्रायलकडे जातं. इंग्रजी वाक्य ज्या कुंपणावर बसलंय ते कुंपणच मराठीत नाही. शेवटी मी वाक्य तसंच ठेवून खाली चार ओळींचा खुलासा दिला. संपादकांना खुलासे आवडत नाहीत, त्यांनी जागेअभावी तो कापला.

आता कुणी म्हणेल, एवढी मोठमोठी माणसं, एक शब्द नीट घालता आला नाही? पण तो विसरला गेला नव्हता. मसुदा ब्रिटनचे प्रतिनिधी लॉर्ड कॅरडन यांचा. ‘द’ जाणूनबुजूनच गाळला होता, हे त्यांनी नंतर अनेकदा सांगितलं. ‘सर्व’ घातला असता तर अमेरिका तयार झाली नसती, आणि ‘काही’ घातला असता तर सोव्हिएत संघ आणि अरबांचे मित्र. भारत त्या वर्षी परिषदेचा सदस्य होता. आपले प्रतिनिधी जी. पार्थसारथी यांनी मतदानाआधी स्पष्ट सांगितलं की आमच्या समजुतीप्रमाणे ही माघार सगळ्या प्रदेशांतून आहे. इस्रायलने आपली समजूत सांगितली, ती अर्थातच वेगळी होती. परिषदेतल्या देशांनी आपापला अर्थ जाहीरपणे बोलून दाखवला आणि तरी एकाच मजकुराला हात वर केले. लग्नाच्या बैठकीत ‘देण्याघेण्याचं काय ते रीतीप्रमाणे होईल’ असं म्हणून दोन्हीकडचे सुपारी फोडतात, त्यातलाच प्रकार. रीत कुणाची, हे तेव्हा विचारलं तर लग्न मोडतं.

मोडलं असतं हे मला पटतं, आणि तरीही त्या ‘द’ची किंमत कुणी मोजली हा प्रश्न सुटत नाही. १९९१ची माद्रिदची शांतता परिषद, १९९३चा इस्रायल-पॅलेस्टिनींमधला ऑस्लो करार, सगळ्यांचा पाया २४२च होता. ज्याच्या ताब्यात जमीन आहे त्याला संदिग्धता परवडते. ज्याची जमीन गेली आहे त्याला तीच संदिग्धता दर वर्षी महाग पडत जाते.

आपल्या घरातही असा एक शब्द आहे. २ जुलै १९७२च्या सिमला करारात भारत आणि पाकिस्तान यांनी मान्य केलं की मतभेद ‘द्विपक्षीय वाटाघाटींनी किंवा उभयतांनी मान्य केलेल्या अन्य शांततामय मार्गांनी’ सोडवायचे. भारत वाचतो तो पहिला अर्धा भाग: तिसऱ्याने मध्ये पडायचं नाही, आणि दुसरा मार्ग काढायचा तर आमचीही मान्यता लागेल. पाकिस्तान ‘किंवा’च्या पुढे वाचतो आणि त्याच करारातल्या संयुक्त राष्ट्रांच्या सनदेच्या उल्लेखाकडे बोट दाखवतो. काश्मीरवर मध्यस्थीची कुणी नुसती भाषा केली तरी दोन्ही राजधान्यांतून त्याच एका कागदाचा हवाला दिला जात आला.

एकाच कराराचे दोन भाषांतले मसुदे भांडू लागले तर काय करायचं, यासाठी नियम आहे. १९६९च्या व्हिएन्ना कराराचं ३३वं कलम सांगतं की सगळ्या अधिकृत भाषांतले मसुदे सारख्याच तोलाचे. फरक निघाला आणि इतर मार्गांनी तो सुटला नाही, तर कराराचा हेतू लक्षात घेऊन, दोन्हींचा उत्तम मेळ बसवणारा अर्थ घ्यायचा. नियम शहाणा आहे. फक्त हेतू काय होता, हेच भांडणाचं मूळ असतं.

इथे थोडं थांबून एक सावधगिरीची गोष्ट. या विषयावर लिहिणाऱ्यांना एक जपानी शब्द फार आवडतो, ‘मोकुसात्सु’. गोष्ट अशी सांगतात: जुलै १९४५मध्ये दोस्त राष्ट्रांनी जपानला शरणागतीचं आवाहन केलं. पंतप्रधान सुझुकींनी ‘मोकुसात्सु’ म्हटलं. त्याचा अर्थ ‘तूर्त भाष्य नाही’ असाही होतो आणि ‘आम्ही त्याला भीक घालत नाही’ असाही. भाषांतरकाराने दुसरा घेतला आणि हिरोशिमावर बॉम्ब पडला. गोष्ट झकास आहे, पण तारखा पाहा. दोस्तांचा जाहीरनामा २६ जुलैचा, सुझुकींचं वक्तव्य २८ जुलैचं, आणि बॉम्ब टाकण्याचा लेखी लष्करी आदेश निघाला होता २५ जुलैला. एका शब्दाने जग जाळलं वगैरे कथा अनुवादकांचा भाव वाढवतात, म्हणून त्या आम्हीच जास्त पसरवतो. व्याकरण युद्ध सुरू करत नाही. झालेल्या युद्धाचा, केलेल्या कराराचा हिशेब कुणाच्या नावावर पडणार, तिथे त्याचं काम असतं.

क्रियापदांकडे वळू. शाळेत आपण अर्थ शिकलो होतो: स्वार्थ, आज्ञार्थ, विध्यर्थ, संकेतार्थ. दहा मार्कांपुरते पाठ केले आणि विसरलो. इथिओपियाचा सम्राट दुसरा मेनेलिक याचं साम्राज्य मात्र नेमकं त्या दहा मार्कांवरून जाता जाता राहिलं. २ मे १८८९ला त्याने इटलीशी वुचालेचा करार केला. मसुदे दोन, एक अम्हारिक भाषेत आणि एक इटालियनमध्ये. सतरावं कलम परराष्ट्रव्यवहाराचं. अम्हारिकमध्ये म्हटलं होतं की सम्राटांना इतर सत्तांशी व्यवहार करताना इटलीच्या सरकारची मदत *घेता येईल*. इटालियनमध्ये शब्द असे होते की सम्राट त्या सर्व व्यवहारांसाठी इटलीच्या सरकारचा उपयोग करण्यास *संमती देतात*, आणि इटलीने त्याचा अर्थ लावला ‘करावाच लागेल’ असा. ‘घेता येईल’ म्हणजे मैत्री, ‘करावाच लागेल’ म्हणजे मांडलिकत्व. इटलीने युरोपभर कळवून टाकलं की इथिओपिया आता आमच्या छत्राखाली आहे. मेनेलिकला पत्ता लागला तो युरोपातल्या राजांना पत्रं लिहिल्यावर, कारण उत्तरं आली ती ‘आधी रोमला विचारा’ अशा अर्थाची. १८९३मध्ये त्याने करार झुगारला आणि १ मार्च १८९६ रोजी अडवाच्या लढाईत इटालियन फौजेचा धुव्वा उडवला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये अदिस अबाबाच्या तहाने इटलीला इथिओपियाचं स्वातंत्र्य मान्य करावं लागलं.

ती तर उघड लबाडी होती. पॅरिसमध्ये १२ डिसेंबर २०१५च्या संध्याकाळी जे झालं ते सगळ्यांच्या डोळ्यांसमोर झालं. हवामान कराराचा अंतिम मसुदा वाटून झाला होता. त्यातल्या चौथ्या कलमात विकसित देशांनी उत्सर्जन घटवण्यात पुढाकार चालू ठेवायचा, यासाठी ‘शॅल’ हे क्रियापद पडलं होतं आणि विकसनशील देशांसाठी ‘शुड’. ‘शॅल’ म्हणजे कायद्याचं बंधन, ‘शुड’ म्हणजे करणं योग्य. अमेरिकी शिष्टमंडळाच्या पोटात गोळा आला. बंधन आलं तर करार सिनेटपुढे न्यावा लागणार, तिथे दोन तृतीयांश मतं लागणार, आणि ती मिळणार नाहीत हे शेंबडं पोरही सांगू शकलं असतं. सभा लांबली, कोपऱ्याकोपऱ्यात डोकी एकत्र आली. मग सचिवालयाच्या अधिकाऱ्याने काही ‘तांत्रिक दुरुस्त्या’ वाचून दाखवल्या. कुठे स्वल्पविराम, कुठे क्रमांक, आणि त्याच ओघात ‘शॅल’चं ‘शुड’. अध्यक्ष लोराँ फाबियुस यांनी लगेच हातोडी आपटली आणि टाळ्या झाल्या.

हे वाक्य मराठीत नेताना नवाच घोळ होतो. ‘शुड’चं मराठी आपण पटकन ‘करावे’ करतो, कोशातही तेच आहे. पण मराठी नोटीस वाचा: ‘चपला बाहेर काढाव्यात.’ ‘अर्ज ३१ तारखेपर्यंत सादर करावा.’ हे काय आर्जव आहे? नाही केलं तर अर्ज बाद. सरकारी मराठीने विध्यर्थाला इतकी वर्षं हुकमाच्या कामाला जुंपलंय की तो आता ‘शॅल’पेक्षाही कडक वाटतो. उलट कायद्याच्या मराठीत ‘शॅल’साठी साधं ‘करील’, ‘असेल’ येतं, आणि ते सामान्य वाचकाला भविष्यवाणीसारखं वाटतं. तेव्हा पॅरिसचं ते वाक्य मराठीत आणताना मी ‘करणे अपेक्षित आहे’ असं लिहितो. ‘अपेक्षित आहे’ या शब्दांतला फोलपणा मराठी माणूस बरोबर ओळखतो.

सहा वर्षांनी ग्लासगोच्या हवामान परिषदेत भारताने असाच एक शब्द बदलून घेतला. कोळशाचा वापर ‘फेज आउट’ करायचा, म्हणजे बंद करत आणायचा, असं मसुद्यात होतं. शेवटच्या क्षणी मंत्री भूपेंद्र यादव यांनी तिथे ‘फेज डाउन’, म्हणजे कमी करत आणायचा, असं वाचून दाखवलं. परिषदेचे अध्यक्ष आलोक शर्मा यांचा माफी मागताना गळा दाटून आला. बाहेरच्या जगात भारतावर टीका झाली. पण श्रीमंत देश वापरतात त्या तेलाचं आणि नैसर्गिक वायूचं त्या ओळीत नावही नव्हतं, नाव घेतलं होतं ते कोळशाचं, हेही त्याच कागदावर दिसत होतं.

सुरक्षा परिषदेच्या ठरावांत तर क्रियापदांची उतरंडच असते. परिषद चिंता व्यक्त करते, आवाहन करते, आग्रह धरते, मागणी करते आणि क्वचित ‘निर्णय घेते’. मुरलेले वार्ताहर ठराव हातात पडला की आधी क्रियापदं शोधतात. १९९०मध्ये कुवेतप्रकरणी इराकविरुद्ध ‘सर्व आवश्यक मार्गांची’ परवानगी दिली गेली होती, तिचा अर्थ बळाचा वापर हे सर्वांना ठाऊक होतं. २००२च्या १४४१ क्रमांकाच्या ठरावात त्याऐवजी ‘गंभीर परिणाम’ आले. अमेरिका आणि ब्रिटन यांनी त्यातही युद्धाची परवानगी वाचली. इतर अनेकांना ती त्यात दिसली नाही.

आता कर्त्याकडे. घरात लहान मूल असेल तर हा प्रयोग करायची गरज नाही, तो रोज होतो. ग्लास हातातून पडतो आणि मूल म्हणतं, ‘ग्लास फुटला.’ ‘मी फोडला’ असं जगात कुठलंही मूल आपण होऊन म्हणत नाही. मराठीत अशा जोड्यांचा सुकाळ आहे: फुटणे-फोडणे, पडणे-पाडणे, तुटणे-तोडणे, मरणे-मारणे. एक मात्रा, एक काना इकडचा तिकडे केला की करणारा माणूस गायब. भिंत पडली. झाड तुटलं. तिघं मेले. आणि ज्याला मुलासारखं दिसायचं नसेल त्याच्यासाठी सरकारी प्रयोग आहे: ‘जमावावर सौम्य लाठीमार करण्यात आला’, ‘योग्य ती कार्यवाही करण्यात येईल’. कुणी केला, कोण करील, असं विचारायला त्या वाक्यात खिडकीच नाही. सौम्य कुणाच्या पाठीला वाटला हेही कळत नाही.

इंग्रजीतलं याचं अजरामर वाक्य रोनाल्ड रेगन यांच्या जानेवारी १९८७च्या भाषणातलं. इराणला चोरून शस्त्रं विकल्याचं प्रकरण उघडं पडलं होतं. ते म्हणाले, गंभीर चुका ‘केल्या गेल्या’. कर्मणी प्रयोग, कर्ता लुप्त.

आणि आपल्याशी संबंधित वाक्य १० एप्रिल २०१९चं. जालियनवाला बागेला तीन दिवसांनी शंभर वर्षं पूर्ण होणार होती. ब्रिटनच्या पंतप्रधान थेरेसा मे संसदेत म्हणाल्या, ‘जे घडलं आणि ज्या यातना झाल्या त्याबद्दल आम्हाला तीव्र खेद आहे.’ विरोधी पक्षनेत्यांनी लगेच पूर्ण, स्पष्ट माफी मागा म्हणून सांगितलं, कारण ही माफी नव्हती. या वाक्याची चिरफाड करून बघा. ‘जे घडलं’ ही ग्लास फुटल्याचीच भाषा, गोळीबार केला असं नाही. ‘यातना झाल्या’, दिल्या नाहीत. आणि ‘खेद’. मराठी वाचकाला हा ‘खेद’ चांगला परिचयाचा आहे. आपल्याकडे पुढारी ‘कुणाच्या भावना दुखावल्या असतील तर दिलगिरी व्यक्त करतो’ म्हणतात आणि दुसऱ्या दिवशी समर्थक पेपरांना सांगतात, साहेबांनी माफी मागितलेली नाही. वाईट वाटलं, खेद आहे, दिलगीर आहे, क्षमस्व, माफी मागतो: या पायऱ्यांवरून कुठवर उतरायचं ते प्रत्येक जण आधी ठरवून येतो.

एप्रिल २००१मध्ये चीनच्या हायनान बेटाजवळ अमेरिकेचं टेहळणी विमान आणि चिनी लढाऊ विमान यांची टक्कर झाली, तेव्हा याच पायऱ्यांवर अकरा दिवस गेले. चिनी वैमानिक वांग वेई मरण पावला होता, अमेरिकेचे २४ जण चीनच्या ताब्यात होते. चीनला ‘दाओच्येन’ हवं होतं, म्हणजे चूक कबूल करून मागितलेली माफी. अमेरिका तेवढं उतरायला तयार नव्हती. शेवटी अमेरिकी राजदूताच्या पत्रात ‘व्हेरी सॉरी’ दोनदा आलं: एकदा वैमानिकाच्या मृत्यूबद्दल आणि एकदा परवानगीशिवाय चीनच्या हद्दीत उतरल्याबद्दल. इंग्रजीतलं ‘सॉरी’ म्हणजे माफीही होते आणि नुसती हळहळही. शोक करायला गेलेला माणूसही तेच म्हणतो. चिनी माध्यमांनी त्याचं भाषांतर मागितलेल्या शब्दाच्या एक पायरी अलीकडचं, पण माफीच्या जातीचंच केलं. चिनी जनतेला सांगितलं गेलं की अमेरिका नमली. अमेरिकी जनतेला सांगितलं गेलं की आम्ही माफी मागितलेली नाही. २४ जण घरी गेले. वांग वेईच्या घरच्यांना यातलं नेमकं काय पोचलं ते पत्रात नाही.

आता शेवटचा शब्द, ज्याबाबत इंग्रजीपेक्षा मराठी श्रीमंत आहे. इंग्रजीचा ‘वुई’ आणि हिंदीचा ‘हम’ हे दोन्ही ढोबळ शब्द आहेत. त्यात ऐकणारा धरलाय की नाही ते कळत नाही. मराठीत ‘आपण सिनेमाला जातोय’ म्हटलं तर तू चप्पल घाल. ‘आम्ही सिनेमाला जातोय’ म्हटलं तर तू घर सांभाळ. गुजरातीत हा फरक आहे, तमिळमध्ये आहे, इंडोनेशियाच्या भाषेतही आहे. म्हणून इंग्रजी भाषण मराठीत करताना प्रत्येक ‘वुई’पाशी थांबून ठरवावं लागतं की वक्त्याने मला आत घेतलंय की बाहेर ठेवलंय. बऱ्याचदा वक्त्याने ते स्वतःही ठरवलेलं नसतं.

आपल्या संविधानाची उद्देशिका मराठीत ‘आम्ही, भारताचे लोक’ अशी सुरू होते. गंमत अशी की शेवटी आपण ते संविधान ‘स्वतःप्रत अर्पण’ करतो. स्वतःलाच द्यायचं तर ‘आपण’ का नाही? मला वाटतं, ते वाक्य जगाकडे तोंड करून उभं आहे. नुकत्याच गेलेल्या साहेबाला ऐकू जावं म्हणून त्यात ‘आम्ही’ आहे, आणि तो ‘आम्ही’ चांगला ठणठणीत वाजतो.

‘आपण’मध्ये मात्र एक भोक आहे. तो आदरार्थी ‘तुम्ही’ही होतो. ‘आपण कधी निघणार?’ हे पाहुण्याला विचारलं तर वेगळं आणि बायकोला विचारलं तर वेगळं. हवामान परिषदांमध्ये तीस वर्षं एकाच गोष्टीवर गुऱ्हाळ चालू आहे: उत्सर्जन कुणी घटवायचं आणि पैसे कुणी मोजायचे. श्रीमंत देश म्हणतात सगळ्यांनी मिळून, गरीब देश म्हणतात ज्यांनी धूर केला त्यांनी. तिथली भाषा मराठी असती तर मसुदा पाच मिनिटांत झाला असता: ‘आपण पैसे द्यायला हवेत.’ सगळ्यांनी एकमेकांकडे बघत सह्या केल्या असत्या.